पेन ड्राइव्ह राहू दे, अण्णांना चार सूर विचार

मावशी,

मी 34 वर्षांची, कोथरूडला राहते, कल्याणीनगरला नोकरी करते. चार वर्षांपूर्वी कामासाठी जर्मन शिकायला लागले. क्लासमध्ये बाईंनी एकदा शुबर्टचं गाणं लावलं आणि मी त्यात जी अडकले ती अडकलेच. आता बाख, बेथोव्हेन, ब्राम्स, मालर या पाश्चात्य संगीतकारांशिवाय माझा दिवस जात नाही. पण ऐकते ती हेडफोन लावून, वनाझहून सुटणाऱ्या मेट्रोत, एकटी.

घरी सासू-सासरे, नवरा आणि सहा वर्षांची मुलगी. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. बँकेतून रिटायर झालेत, तरुणपणी सात वर्षं गाणं शिकले, सवाई गंधर्व महोत्सव चुकवत नाहीत. (मी स्वतः कधी गेले नाही, डिसेंबरात आमचं रिलीज असतं.) गेल्या महिन्यात जेवताना मी बेथोव्हेनची पाचवी सिंफनी लावली. अण्णा दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "यात गाणं कुठंय? नुसता बँड वाजतोय." नवरा म्हणाला, "हेडफोन आहेत ना तुझ्याकडे?" ऑफिसातल्या एकानं मला जाणकारांच्या ग्रुपात घातलं, तर तिथे कुठला कंडक्टर थोर आणि कुठला भिकार यावरून रोज जुंपलेली. मी विचारलं, ब्राम्स कुठून सुरू करू? कुणी उत्तरच दिलं नाही.

पुढच्या महिन्यात अण्णांचा 73वा वाढदिवस आहे. त्यांच्यासाठी मी पेन ड्राइव्ह भरतेय. बाखपासून मालरपर्यंत सगळे, क्रमानं, प्रत्येकाची माहिती टाइप करून. चाळीस तास झालेत. पण रात्री वाटतं, हे आपलं नव्हेच, मी उगाच शिष्टपणा करतेय. तुम्ही सांगा.

एकटी श्रोती, कोथरूड

प्रिय श्रोती,

मावशी म्हणालीस म्हणून तुला तूच म्हणते, आणि मावशीच्याच अधिकारानं आधी सांगते: तो पेन ड्राइव्ह तुझ्याजवळच ठेव. चाळीस तासांचं संगीत आणि वर टाइप केलेली माहिती, हा तर सिलॅबस झाला. अण्णा हातात घेतील, "वा वा" म्हणतील, आणि टीव्हीखालच्या खणात जुन्या रिमोटांच्या शेजारी तो जाऊन पडेल. मग तू दर आठवड्याला विचारशील, "अण्णा, ऐकलंत का?" आणि ते तुला टाळायला लागतील. हे मी इतक्या खात्रीनं सांगते, कारण त्या पेन ड्राइव्हच्या पलीकडच्या बाजूला मी नऊ वर्षं काढली आहेत.

1981 साली लग्न होऊन मी नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत आले. माहेरी सकाळी तानपुरा लागायचा, मी स्वतः काही वर्षं बुवांकडे शिकलेली. नवऱ्याकडे एक रेकॉर्ड प्लेअर, सत्तरेक एलपी आणि बायकोला सुधारण्याची दांडगी उमेद. रविवारी सकाळी मला समोर बसवायचा आणि एक बोट वर धरून सांगायचा, "आता बघ हं, दुसरी थीम येतेय... येतेय... आली!" मला थीम ऐकू यायच्या आधी ते बोट दिसायचं. मी कणीक मळायचं निमित्त काढून उठायची. एका दिवाळीत त्यानं फराळाला आलेल्या पाहुण्यांना बेथोव्हेनची नववी अख्खी ऐकवली. सत्तर मिनिटं. चिवडा संपला, चहा दोनदा झाला, शेवटी त्याच्या मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सूनबाई, हे आपोआप बंद होतं की कुणी करावं लागतं?"

1990च्या पावसाळ्यात त्याचा घसा बसला. डॉक्टरांनी बजावलं, आठ दिवस एक शब्द बोलायचा नाही. घरात लेकीची पाटी होती, तिच्यावर लिहून लिहून हा बोलायचा. त्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी तो इस्त्री करत होता, मी मेथी निवडत होते, टेपवर द्वोर्झाकची 'न्यू वर्ल्ड' सिंफनी चालू होती. तिच्या दुसऱ्या भागात इंग्लिश हॉर्न नावाचं वाद्य एक संथ चाल धरतं. नाव हॉर्न, पण जातीनं ते ओबोचं भावंड, आपल्या सनईसारखं पातीत फुंकून वाजवायचं. माझं तिकडे लक्ष नव्हतं. बोटं मेथीत होती आणि तोंडातून आपोआप सरगम निघाली: ग प प, ग रे सा, रे ग प ग रे.

इस्त्री थांबली.

एरवी भाषण झालं असतं. या वेळी तो नुसता बघत राहिला. मी म्हटलं, "हा भूप आहे." पाटीवर आलं, "भूप?" म्हटलं, मोज ना सूर. सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. त्यानं टेप मागे घेतली, पुन्हा लावली, मान हलवली. तेवढ्यात चाल पुढे गेली आणि वर चढली: ध सां सां, नी प ध. मी जुडी खाली ठेवली. "अरे, निषाद लावला की यानं!" पाटीवर: "शुद्ध कल्याण?" हे नाव त्यानं माझ्याच तोंडून कधीतरी ऐकलेलं. मी म्हटलं, आमच्या बुवांच्या शुद्ध कल्याणात निषाद असा दारात येऊन उभा राहत नाही, मींडेतून डोकावून जातो. त्यानं पुसलं, परत काहीतरी लिहिलं, मी परत खोडलं. टेप चार वेळा मागे गेली. शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी त्रिकोण उमटला तेव्हा कुठे आम्ही शुद्धीवर आलो.

द्वोर्झाकला भूप ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. त्यानं ही सिंफनी 1893 साली अमेरिकेत असताना लिहिली आणि त्याच डिसेंबरात ती न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली. पाच सुरांच्या चाली स्कॉटलंडपासून चीनपर्यंत सगळीकडे आहेत. म्हणजे शास्त्र म्हणून बघितलं तर मी भलतंच बोलत होते. पण ते संगीत मी नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या कानानं ऐकत होते, आणि घसा बसलेला असल्यामुळे का होईना, त्यानं ऐकू दिलं होतं. अण्णाही आत येतील ते असेच, कुठल्यातरी चुकीच्या दारानं. तू फक्त त्या दारात माहितीपत्रक घेऊन उभी राहू नकोस.

"बँड वाजतोय" हे तुला लागलं. मला ते प्रामाणिक वाटलं, शिवाय त्यात तथ्य आहे. पन्नासएक वर्षं जो कान तानपुऱ्याच्या एकाच षड्जाला धरून बसलाय, त्याला इथे पहिला धक्का बसतो तो षड्जच जागचा हलतो याचा. बेथोव्हेनच्या संगीतातली निम्मी गंमत त्या हलण्यात आहे: आपलं घर सोडायचं, दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसायचं, आडवाटेनं परत यायचं. तुझ्या कानाला आता हा प्रवास कळतो. अण्णांना भूकंप झाल्यासारखं वाटत असणार. त्यात एकाच वेळी दहा जण दहा वेगळ्या गोष्टी म्हणतात. आणि तू निवडलीस काय, तर पाचवी! चार सुरांचा ठोसा, तोच फिरवून फिरवून. आलाप नाही, विलंबित नाही, दारातच द्रुत. तेही जेवताना, स्टीलच्या ताटवाट्यांच्या साथीला. मीही उठले असते.

त्यांना एकच वाद्य ऐकव. बाखनं एकट्या चेलोसाठी सहा सुइट, म्हणजे छोट्या तुकड्यांच्या माळा, लिहिले, त्यांतल्या पहिल्याचं प्रील्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, जेमतेम अडीच मिनिटांचं आहे. एक माणूस, एक वाद्य, गर्दी नाही. ही बैठक अण्णांच्या ओळखीची आहे. सुरुवातीला खालचा षड्ज पुन्हा पुन्हा लागत राहतो आणि वरचे सूर बदलत जातात. तोवर त्यांचे पाय जमिनीवर असतील. मग तो षड्ज सुटतो. त्या क्षणी त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही! ऐकणाऱ्याचा चेहरा न्याहाळत बसणं म्हणजे आमच्या घरातलं ते बोटच. संपलं की गप्प बस. ते काही बोलले नाहीत तर चहा टाक. विचारलंच, कोण वाजवतंय, तर पाब्लो कासाल्सची गोष्ट सांग. म्हणून रेकॉर्डिंगही त्याचंच लाव, 1930च्या दशकातलं, थोडी खरखर आहे, पण जुन्या तबकड्या ऐकलेल्या माणसाला खरखरीचं काही वाटत नाही. हा कासाल्स तेरा वर्षांचा असताना बार्सिलोनातल्या जुन्या स्वरलिप्यांच्या दुकानात त्याला या सुइटांची प्रत सापडली. पुढे बारा वर्षं तो घरी त्यांचा रियाज करत होता आणि मगच त्यानं ते लोकांसमोर वाजवले. बारा वर्षं म्हटल्यावर अण्णा खुर्चीत सरळ बसतील बघ.

आता वाढदिवस. इथे तुझं जर्मन कामाला येणार आहे. आपण पेटीवर ज्याला पांढरी एक म्हणतो ती तिकडची सी पट्टी. पांढरी एकचा षड्ज धर. ए म्हणजे धैवत, हे जगभर सारखं. पण जर्मन लोक कोमल निषादाला बी म्हणतात आणि शुद्ध निषादाला एच. हे क्लासमध्ये बहुधा कुणी सांगितलं नसेल. आता बाखच्या नावाची चार रोमन अक्षरं ओळीनं घे: बी, ए, सी, एच. कोमल नी, ध, सां, शुद्ध नी. या माणसाचं आडनाव गाता येतं! आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं. 'आर्ट ऑफ फ्यूग' या त्याच्या अखेरच्या मोठ्या कामातला शेवटचा फ्यूग (एकच चाल अनेक आवाज पाठोपाठ धरतात ती रचना) अपुरा राहिला, त्यात हे चार सूर त्यानं अशी धरायची चाल म्हणून घातले आहेत.

अण्णांना यातलं काही आधी सांगू नकोस. औक्षण, पेढे, फोन सगळं आटोपलं की त्यांच्याजवळ जाऊन बस आणि म्हण, "अण्णा, पांढरी एकमध्ये चार सूर म्हणून दाखवाल? कोमल निषाद, धैवत, तार षड्ज, शुद्ध निषाद." दोन निषाद इतके शेजारी शेजारी ऐकले की सात वर्षं शिकलेला माणूस मियां मल्हाराकडे वळल्याशिवाय राहणार नाही. ते म्हणतील, असं नाही गं, नी ध नी सां असं येतं ते, थांब. आणि म्हणून दाखवतील. मग मल्हाराचे प्रकार निघतील, त्यांच्या बुवांची आठवण निघेल, कुणाचा मल्हार कुठे ऐकला ते निघेल. अर्धा तास जाईल, जाऊ दे. तू सून म्हणून घरात आल्यापासून त्यांना गाण्यातलं काही विचारलं आहेस का? पत्रावरून तरी वाटत नाही. त्यांचं सगळं झालं की सांग, हे चार सूर म्हणजे एका माणसाची सही आहे.

इथून पुढे तुला काही करावं लागू नये. सही म्हटलं की अण्णांना मुद्रा आठवणार. नियामत खाँनी बंदिशींत 'सदारंग' हे नाव गुंफलं, बरोबर बादशहाचंही, 'मोहम्मदशाह सदा रंगीले' म्हणून. फैयाज खाँ 'प्रेमपिया', जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणिदास'. मजा बघ, मोहम्मदशाह रंगीले दिल्लीच्या गादीवर होता 1719 ते 1748 आणि बाख गेला 1750 साली. इकडे सदारंग ख्याल बांधत होते तेव्हाच तिकडे लाइपझिगच्या चर्चमध्ये हा दर रविवारसाठी संगीत लिहीत होता. एकमेकांचं नाव दोघांच्या कानावर जाणं शक्यच नव्हतं, आणि दोघांनाही आपलं नाव आपल्या रचनेत ठेवायचा मोह झाला. एकानं ते शब्दांत ठेवलं, दुसऱ्यानं सुरांत.

तुझे लाडके 'कंपोजर' ही गोष्ट अण्णांना परकी वाटते तीही यामुळेच असावी. आपल्याकडे मैफल गवयाची. बंदिश कुणाची, हे निम्म्या श्रोत्यांना माहीत नसतं. 'जागू मैं सारी रैना' ही मारुबिहागातली बंदिश कित्येक जण गातात, पण ती प्रभा अत्र्यांनी बांधली हे किती जण सांगतील? प्रभाताई पुण्याच्याच, 2024च्या जानेवारीत गेल्या, अण्णांनी त्यांना सवाईत ऐकलं असणारच. अण्णांना विचार, त्यांच्या आवडीच्या दहा बंदिशी कुणी बांधल्या. काहींची नावं त्यांना पटकन सुचतील, काहींना "पारंपरिक" म्हणून हात झटकतील. मग एक तरी संध्याकाळ त्यांची तू म्हणतेस तशा 'कंपोजर'च्या शोधात जाईल.

आता रागावते. पत्रातली कंसातली ओळ मी तीनदा वाचली. "मी स्वतः कधी गेले नाही, डिसेंबरात आमचं रिलीज असतं." अगं, सून होऊन किती वर्षं झाली? 1953पासून हा महोत्सव चालू आहे, पूर्वी रमणबागेत व्हायचा, आता मुकुंदनगरला होतो. मुकुंदनगरला जायला कोथरूडहून रिक्षा मिळते. अण्णांनी तुझ्या बेथोव्हेनला दोन मिनिटं दिली. तू त्यांच्या सवाईला शून्य दिली आहेस. यंदा एक दिवस रजा टाक. मागे भारतीय बैठकीत सतरंजी पसरून अण्णांच्या शेजारी बस, थर्मास तू घे. त्यांना एकही प्रश्न विचारू नकोस. विलंबित चालू असताना कंटाळा येईल, येऊ दे, त्यांनाही तुझ्या सिंफनीत तसाच येणार आहे. एखादी जागा आली की त्यांचा हात मांडीवरून उचलला जातो का, "आहाहा" कुठे निघतं, एवढं मात्र बघ. तुला गाण्यातलं काय आवडतं हे कळायला अण्णांना आधी आपल्याला काय आवडतं हे कुणाला तरी दिसलेलं असावं लागेल.

त्या "आहाहा"वरून आठवलं. माझ्या सासूबाई एकदा आमच्याबरोबर पियानोच्या कार्यक्रमाला आल्या आणि पहिला भाग संपताच "शाब्बास!" म्हणाल्या. चाळीस माना वळल्या. तुकड्यांच्या मध्ये टाळी वाजवायची नाही हा तिथला शिष्टाचार, आणि अण्णांसारख्या माणसाला तो गुदमरवणारा. पण हा शिष्टाचार मोझार्टच्या वेळी नव्हता. 1778 साली पॅरिसमध्ये त्याची सिंफनी वाजली तेव्हा वाजवणं चालू असताना मध्येच टाळ्या पडल्या. ती जागा लोकांना आवडणार हे ओळखूनच त्यानं ती घातली होती. खूश होऊन त्यानं वडिलांना पत्रात हे कळवलं, आणि कार्यक्रम झाल्यावर आपण आइस्क्रीम खाल्लं हेही. तेव्हा घरी अण्णांनी मध्येच दाद दिली तर "शूऽऽ" करू नकोस. मोझार्टला चाललं असतं.

मुलीचं सोपं आहे. 'ट्विंकल ट्विंकल'ची चाल ही मूळची जुनी फ्रेंच चाल, मोझार्टनं तिच्यावर पियानोसाठी बारा रूपं लिहिली. काही न सांगता लाव आणि तिला बोटांवर मोजू दे कितवं चाललंय ते. मध्ये एकदा चाल उदास होते, तिथे ती थांबून तुझ्याकडे बघेल. दुसरं म्हणजे बेथोव्हेनची सहावी. तिच्या दुसऱ्या भागाच्या अखेरीस तीन पक्षी बोलतात: बासरीवर नाइटिंगेल, ओबोवर लावा, क्लॅरिनेटवर कोकीळ. ही युरोपातली कोकीळ. आपली कोकिळा वर वर चढत जाते, ती मात्र दोनच सुरांत बोलते आणि खाली उतरते. कोथरूडच्या झाडांवरची कोकिळा ऐकून वाढणाऱ्या पोरीला हा फरक तुझ्याआधी कळेल. आणि हो, ज्या पाचवीनं तू अण्णांना दचकवलंस ती आणि ही सहावी एकाच संध्याकाळी पहिल्यांदा वाजल्या, 22 डिसेंबर 1808ला व्हिएन्नात, गारठलेल्या थिएटरात, चार तासांच्या कार्यक्रमात. डिसेंबरच्या थंडीत तासन् तास बसून गाणं ऐकणं म्हणजे काय, हे तुझ्या घरात एकाच माणसाला माहीत आहे!

सासूबाईंबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. त्या त्या जेवणाला हजर नव्हत्या का? 1961च्या 'छाया'मधलं 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' त्यांच्या वयाच्या बायकांना तोंडपाठ असतं. सलील चौधरींनी ते मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीच्या सुरुवातीवरून बांधलं. आधी त्यांना गाणं म्हणू दे, मग सिंफनी लाव. उलट क्रमानं केलंस तर "म्हणजे चोरलंय" एवढंच निघेल आणि बिचारे सलीलदा उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात.

नवरा. त्याच्या हातात टायटनचं घड्याळ असेल तर त्या जाहिरातीची धून मोझार्टच्या पंचविसाव्या सिंफनीतली आहे, सतरा वर्षांच्या मोझार्टनं 1773 साली लिहिलेली, असं एकदा सांगून सोडून दे. नाही आवडलं तर नाही. हेडफोन आहेत ना, हे तो वैतागून म्हणाला असेल, पण सल्ला वाईट नाही. मालरची तिसरी सिंफनी दीड तासाहून मोठी आहे. वनाझ ते कल्याणीनगर अर्धा तास धरला तर चार सकाळी लागतात. त्या तुझ्याच राहू देत. सगळंच वाटून टाकायचं म्हटलं तर तुझ्याकडे काय उरणार?

ग्रुप म्यूट कर. ब्राम्स कुठून सुरू करू हा प्रश्न ज्यांना क्षुल्लक वाटतो त्यांना ब्राम्स कितपत कळला असेल याची मला शंका आहे. क्लॅरिनेट क्विंटेट या पाच वाद्यांच्या रचनेपासून सुरू कर. म्हातारपणी, 1891 साली, निवृत्त व्हायचं ठरवून बसलेल्या ब्राम्सनं एका क्लॅरिनेटवाल्याला ऐकलं आणि पुन्हा लिहायला घेतलं, त्यातलं हे.

"हे आपलं नव्हे" याबद्दल फार लिहीत नाही. अण्णांच्या खोलीत पेटी असेलच. हार्मोनियम हे फ्रेंच माणसानं पॅरिसमध्ये घडवलेलं वाद्य. परकं म्हणून, सूर मोडतं म्हणून आकाशवाणीनं 1940 साली ते बाहेर काढलं, आणि पुढे तीसएक वर्षं ते बाहेरच राहिलं. आज पेटीशिवाय सवाईतलं एक सत्र कल्पून बघ. तू बाख ऐकतेस यात शिष्टपणा नाही. टाइप केलेल्या माहितीत थोडा आहे.

प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर कॅम्पात मझदा हॉलला पूना म्युझिक सोसायटीचे कार्यक्रम होतात, हॉल छोटा आहे, वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. अण्णांना पहिल्यांदा न्यायचं तर तिथेच ने. मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात 2006पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तो त्यानंतर. पूर्ण ऑर्केस्ट्रा समोर बसलेला बघितला की "बँड" हा शब्द माणूस वेगळ्या आवाजात उच्चारतो. रात्रीचं परतणं तेवढं अवघड, चेंबूरला एखादी नणंद-आतेसासू असेल तर तिच्याकडे मुक्काम टाका.

वाढदिवसानंतर कळव. आणि द्वोर्झाकची ती चाल अण्णांना ऐकवशील तेव्हा तो निषाद कुठल्या खात्यात टाकायचा तेही विचार, आमच्याकडे निकाल लागलेला नाही. आत्ताच नवरा खांद्यावरून हे सगळं वाचून गेला. त्याचं म्हणणं, द्वोर्झाकच्या आधी ब्राम्सची निदान पार्श्वभूमी तरी समजावून द्यायला हवी, आणि बोट वर झालं होतं. मी त्याला मेथी निवडायला बसवलंय.

तुझी,
मावशी